भाच्याची अंबरनाथची नोकरी, १९२३ चा कायदा आणि एक सही

विशाखा_वाशी
मंडळी, भाच्याला महापे एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत नोकरी लागली आहे. डिप्लोमा झालाय, पोरगा डोंबिवलीचा. कंपनी अंबरनाथच्या एका संरक्षण खात्याच्या आस्थापनेला सुटे भाग पुरवते, त्यामुळे त्याला आठवड्यातून दोन-तीनदा तिथे जावं लागणार. त्याआधी पोलिस पडताळणी, एक लांबलचक फॉर्म, आणि 'शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ वाचला व समजला' अशा कागदावर सही. फोन गेटवर जमा करायचा. माझी बहीण घाबरली आहे. 'सही केली आणि उद्या कुणाचं काही झालं तर माझ्या पोराला आत टाकतील' हे तिचं पालुपद सुरू आहे.

माझं मत विचाराल तर यातलं निम्मं नाटक आहे. सरकारी कचेरीत चहाच्या बिलावरही 'गोपनीय' मारतात. पण जाणकारांनी सांगावं: सरकार आपली गुपितं नेमकी राखतं तरी कशी? आणि पोराने सही करावी का?

पाचपाखाडीकर
पहिला नियम: भाच्याच्या गोपनीय नोकरीबद्दल आंतरजालावर धागा काढू नये. :)

विशाखा_वाशी
@पाचपाखाडीकर, म्हणून तर कंपनीचं नाव लिहिलेलं नाही. आस्थापनेचंही नाही. अंबरनाथला दोन आयुध कारखाने आहेत आणि संरक्षण संशोधन संस्थेची (डीआरडीओ) नौदल साहित्य प्रयोगशाळा आहे, लावा अंदाज.

पाचपाखाडीकर
अजून दोन प्रतिसाद येऊ देत, पगारही कळेल.

नौपाड्याचा_वकील
विशाखाताई, बहिणीला सांगा की सही केली नाही तरी तो कायदा लागू आहेच. तुम्हाला, मला, गेटवरच्या चहावाल्यालाही. सहीचा उपयोग इतकाच की उद्या 'मला ठाऊक नव्हतं' म्हणता येत नाही.

कायदा इंग्रजांचा. १८८९ चा मूळ, कर्झनच्या काळात १९०४ ला कडक केला, मग १९२३ चा आजचा. १९६७ ला मोठी दुरुस्ती झाली. दोन कलमं लक्षात ठेवा. कलम ३ हेरगिरीचं: संरक्षणाच्या कामाशी संबंध असेल तर १४ वर्षांपर्यंत शिक्षा. कलम ५ माहिती भलत्याला देण्याचं किंवा निष्काळजीपणे सांभाळण्याचं: तीन वर्षांपर्यंत. आणि देणाराच नाही, जाणूनबुजून घेणाराही त्यात येतो. कंपनीकडून गुन्हा झाला तर जबाबदार अधिकाऱ्यांना धरायची तरतूद कलम १५ मध्ये आहे, म्हणूनच भाच्याची कंपनी एवढे कागद करून घेते आहे. काळजी त्यांना स्वतःची आहे, पोराची नाही.

'कुणाचं काही झालं तर' पोराला आत टाकत नाहीत. त्याने काही दिलं किंवा हलगर्जीने हरवलं, तर प्रश्न येतो.

माहितीचा_हक्क
वकीलसाहेबांनी महत्त्वाचं सांगितलंच नाही. या कायद्यात 'गुपित' म्हणजे काय याची व्याख्याच नाही! कशाला गुपित म्हणायचं ते सरकार ठरवणार. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्येच हा कायदा रद्द करा म्हणून शिफारस केली होती. वीस वर्षं होत आली, कायदा जागच्या जागी.

२००२ मध्ये दिल्लीतले पत्रकार इफ्तिखार गिलानी यांना याच कायद्याखाली धरलं. त्यांच्या संगणकात काय सापडलं? आंतरजालावर कुणालाही मिळणारा एक पाकिस्तानी संस्थेचा निबंध. सात महिने तिहारमध्ये काढले, २००३ च्या जानेवारीत सरकारने खटला मागे घेतला. बहिणीची भीती अगदीच अनाठायी नाही, ताई.

नौपाड्याचा_वकील
गिलानी प्रकरण लाजिरवाणंच होतं, मान्य. पण पुढचं चित्रही सांगा ना. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(२) म्हणतं, १९२३ च्या कायद्यात काहीही असलं तरी, जनहित जास्त वजनाचं असेल तर माहिती देता येते. आणि राफेलच्या कागदपत्रांवर सरकार 'हे गुप्त आहेत, न्यायालयाने बघू नयेत' म्हणालं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०१९ ला ती हरकत फेटाळली.

ऐरोलीचे_काका
बरेच दिवसांनी लिहितो आहे. मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात गोपनीय शाखेत होतो. कार्यालय कुठलं ते विचारू नका. निवृत्त झालो म्हणून जबाबदारी संपत नाही.

विशाखाताई, नाटक नाही हो. कंटाळवाणं काम आहे, आणि कंटाळवाणं आहे म्हणूनच ते चालतं. सिनेमात दाखवतात तसं काही नसतं.

चार पायऱ्या. टॉप सिक्रेट, सिक्रेट, कॉन्फिडेन्शियल, रिस्ट्रिक्टेड. फुटलं तर देशाचं अपरिमित नुकसान होईल ते सर्वांत वर, 'फक्त कार्यालयीन वापरासाठी' ते सर्वांत खाली. एरवी वापरायची वरची पायरी सिक्रेट. टॉप सिक्रेटचा शिक्का मी हातात क्वचित धरला. भाच्याला जे दिसेल ते बहुधा खालच्या दोन पायऱ्यांतलं असेल.

सिक्रेट कागद टपालाने जायचा तर दोन लिफाफे. आतल्यावर शिक्का, पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव, जोडावर लाख. बाहेरच्यावर नुसता पत्ता, बाकी काहीही नाही, म्हणजे टपालवाल्याला त्यात काय आहे याचा वासही लागू नये. आत पावती असते, ती सही होऊन परत आली नाही की आम्ही फोन करून जीव खायचो. प्रत्येक प्रतीला क्रमांक. 'प्रत ३ पैकी २' कोणाकडे आहे, ते रजिस्टर बघून दोन मिनिटांत सांगता यायला हवं. फोटोकॉपी काढायची तर लेखी परवानगी, आणि तिचीही नोंद.

टायपिंगच्या काळात कार्बन पेपर आणि रिबिनीचीही मोजदाद व्हायची, कारण रिबिनीवर अक्षरं उमटलेली असतात. कच्चे मसुदे, चुकलेली पानं रोज संध्याकाळी फाडून जाळायची, दोघांच्या समक्ष, आणि जाळल्याचा दाखला फाइलला. कपाटाच्या दुसऱ्या किल्लीचं पाकीट मोहोरबंद. कोणी नुसतं 'बघायला' आलं तर मी विचारायचो, 'साहेब, तुमच्या कामाशी याचा संबंध काय?' हुद्दा मोठा म्हणून फाइल मिळत नाही, काम असेल तर मिळते. सगळ्या व्यवस्थेचं मूळ तेवढंच आहे. कुलपं-बिलपं नंतरची गोष्ट.

हे सगळं गृह मंत्रालयाच्या एका मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे.

माहितीचा_हक्क
आणि ते मॅन्युअल वाचायला कुठे मिळतं, काका?

ऐरोलीचे_काका
मिळत नाही. तेही गोपनीय आहे.

पाचपाखाडीकर
😂😂 धागा वसूल!

मीनल_घोडबंदर
काकांचा प्रतिसाद वाचून सासऱ्यांची आठवण झाली. ते 'गोपनीय अहवाल' म्हणजे सीआरशिवाय दुसरं काही गोपनीय असतं हे मानायलाच तयार नसायचे. साहेबाने शेरा काय मारला हे जाणून घ्यायला शिपायाला महिनोन्महिने चहा पाजत होते.

नौपाड्याचा_वकील
अवांतर: ते गुपित आता गुपित नाही. २००८ ला सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त खटल्यात सांगितलं की शेरा चांगला असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवायलाच हवा. अवांतर समाप्त.

देवनार_ते_बेलापूर
काकांच्या 'काम असेल तर मिळते' वरून. माझे वडील तुर्भ्याला म्हणजे ट्रॉम्बेला, अणुसंशोधन केंद्रात तंत्रज्ञ होते. आम्ही बेलापूरला राहायला आल्यावर ते खाडीपूल ओलांडून बसने जायचे. घरी कामाची चर्चा शून्य. ११ मे १९९८ ला वाजपेयींनी पोखरणच्या अणुचाचण्यांची घोषणा केली तेव्हा आख्खी सोसायटी पेढे घेऊन आमच्या दारात! बाबा गोंधळलेले. सगळ्यांना वाटलं काय भारी अभिनय करताहेत. मी पुष्कळ वर्षांनी खोदून विचारलं तर म्हणाले, 'अरे मला तरी कुठे माहीत होतं? आमच्या शेजारच्या खोलीत काय चालतं ते आम्ही विचारत नसू.' पेढे मात्र खाल्ले होते.

इतिहास_वेडा
@देवनार, भारी! तो संपूर्ण प्रकारच गुपित राखण्याचा धडा आहे, जरा सविस्तर लिहितो.

१९९५ च्या डिसेंबरात पोखरणला तयारी चालली होती ती अमेरिकी उपग्रहांनी टिपली. त्यांच्या राजदूतांनी, फ्रँक विस्नर यांनी, दिल्लीत उपग्रहाचे फोटोच पुढे ठेवले. चाचणी बारगळली. पण त्या भेटीतून आपल्याला उलट कळलं की वरून काय काय दिसतं! १९९८ ला ५८ इंजिनिअर रेजिमेंटने मुख्य काम रात्री केलं, उजाडायच्या आत यंत्रं होती त्याच जागी परत. शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात, खोट्या नावांनी. कलाम झाले मेजर जनरल पृथ्वीराज, अणुशास्त्रज्ञ आर. चिदंबरम झाले मेजर जनरल नटराज. विवरांना 'व्हाइट हाउस', 'ताजमहाल', 'कुंभकर्ण' अशी नावं. उपकरणं मुंबईहून भल्या पहाटे ट्रकने विमानतळावर नेऊन लष्करी विमानाने जैसलमेरला पोहोचवली. सीआयएला बातमी कळली ती वाजपेयींच्या घोषणेनंतर.

यात लाखेची मोहोर कुठेच नाही, बघा. मोजक्याच लोकांना माहिती, आणि समोरच्याला काय दिसतं याचा बारीक अभ्यास.

ऐरोलीचे_काका
मोहोर होती हो, तुम्हाला दिसली नाही एवढंच.

ह्यूस्टनचा_ठाणेकर
तलावपाळी सोडून बरीच वर्षं झाली, पण हा धागा वाचून लिहावंसं वाटलं. इथे अमेरिकेत वरच्या तीन पायऱ्या, रिस्ट्रिक्टेड नाही. क्लिअरन्ससाठी, म्हणजे गुप्त कागद बघायच्या मंजुरीसाठी, जो फॉर्म भरतात त्यात मागच्या दहा वर्षांतले सगळे पत्ते, परदेशी ओळखी, कर्ज, दारू, सगळं. बँकेत कर्ज थकलंय का हे आवर्जून बघतात, कारण कर्जात बुडालेला माणूस विकत घ्यायला सोपा. भाच्याच्या 'लांबलचक फॉर्म'चं कारण हेच असणार.

आणि एवढं करूनही? २०१३ ला अमेरिकी हेरखात्याची गुपितं फोडणारा स्नोडेन, तोही कंत्राटदाराचा माणूस. २०२३ ला एअर नॅशनल गार्डमधल्या २१ वर्षांच्या पोराने युक्रेन युद्धाचे टॉप सिक्रेट कागद गेम खेळणाऱ्यांच्या डिस्कॉर्ड गटावर टाकले. पैसे नाहीत, विचारसरणी नाही, मित्रांपुढे शायनिंग! १५ वर्षांची शिक्षा झाली.

माहितीचा_हक्क
@ह्यूस्टन, पण तुमच्याकडे २५ वर्षांनी कागद आपोआप खुले होतात, सूट मागायची तर कारण द्यावं लागतं. आमच्याकडे? १९६२ च्या पराभवाचा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल अजून बंद कपाटात. त्याचा मोठा भाग २०१४ ला पत्रकार नेव्हिल मॅक्सवेलने आंतरजालावर टाकला, लोकांनी वाचला, तरी अधिकृतपणे तो गुप्तच. नेताजींच्या फायली सत्तर वर्षांनी, २०१६ च्या जानेवारीत शंभर एकदम खुल्या केल्या. आभाळ कोसळलं का?

काकांना एक थेट प्रश्न. सरकारच्या सुरक्षा मार्गदर्शक तत्त्वांत 'सिक्रेट' च्या व्याख्येत राष्ट्रीय सुरक्षेच्या नुकसानाबरोबर 'सरकारच्या कामकाजात गंभीर अडचण किंवा नामुष्की' असंही आहे. नामुष्की झाकायला लाख कशाला लावायची?

ऐरोलीचे_काका
प्रश्न योग्य आहे. सार्वजनिक अभिलेख नियम, १९९७ प्रमाणे दर पाच वर्षांनी गोपनीय फायली तपासून शिक्का उतरवायला हवा. कागदावर. प्रत्यक्षात शिक्का मारणाऱ्याला कधी कोणी जाब विचारत नाही, उतरवणाऱ्याला मात्र दहा प्रश्न. मग कोण उतरवणार? सगळ्याच फायलींवर शिक्का असला की खऱ्या गुप्त फाइलकडेही लोक 'असेल काहीतरी' म्हणून बघतात. माझ्या हाताखालच्या मुलांना मी हेच सांगायचो, शिक्का मीठ घालतात तसा घाला. ऐकायचे नाहीत. वरून आलं तसं खाली मारायचे.

मीनल_घोडबंदर
मला अर्थसंकल्पाचं विचारायचं होतं. तो छपाईआधीचा हलवा वगैरे खरंच गुप्ततेसाठी?

इतिहास_वेडा
हलवा तोंड गोड करायला, त्यानंतर छपाईच्या लोकांना कोंडून ठेवणं गुप्ततेसाठी. १९५० ला अर्थसंकल्प फुटला म्हणून राष्ट्रपती भवनातली छपाई मिंटो रोडच्या छापखान्यात हलवली, १९८० पासून नॉर्थ ब्लॉकच्या तळघरात. लोक भाषण संपेपर्यंत घरी जात नसत. आता २०२१ पासून कागद जवळजवळ गेले, कोंडणं राहिलं.

फुटण्यावरून आणखी एक. १९८५ चं कुमार नारायण प्रकरण. पंतप्रधान कार्यालयातले स्वीय सहायक-कारकून संध्याकाळी फाइल बाहेर न्यायचे, फोटोकॉपी व्हायची, सकाळी फाइल जागेवर. बदल्यात पैसे आणि दारूच्या बाटल्या. प्रधान सचिव पी. सी. अलेक्झांडर यांनी नैतिक जबाबदारी म्हणून राजीनामा दिला. हेच अलेक्झांडर पुढे आपले राज्यपाल, १९९३ ते २००२. निकालही २००२ लाच लागला; मुख्य आरोपी नारायण त्याआधीच वारला होता.

घणसोलीचा_अ‍ॅडमिन
सगळे लाख आणि कार्बनमध्ये रमलेत, आता जरा आजचं बोलू. मी सरकारी नाही, पण सरकारी कंत्राटांचं नेटवर्क सांभाळलं आहे.

नियम असा: टॉप सिक्रेट आणि सिक्रेट इंटरनेटवर जातच नाही. वेगळी बंद लाइन, आणि तिच्यावर डीआरडीओच्या एसएजी या सांकेतिक लिपीच्या विभागाने मान्य केलेलं कूटलेखन. खालच्या दोन पायऱ्या इंटरनेटवरून जाऊ शकतात, पण किमान २५६ बिटांचं एईएस पद्धतीचं कूटलेखन हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवणं तर साफ मना. (कितीजण पाळतात ते विचारू नका.) २०२५ च्या जानेवारीत अर्थ मंत्रालयाने कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक वापरू नका असं परिपत्रक काढलं. बरोबरच केलं, टिपणीचा मसुदा सुधारायला दिला की तो कुठल्या सर्व्हरवर बसतो कुणास ठाऊक.

बंद नेटवर्क म्हणजे रामबाण नव्हे. इराणच्या नतान्झ अणुकेंद्राला इंटरनेट नव्हतं, तरी स्टक्सनेट नावाचं मालवेअर पेनड्राइव्हवरून आत गेलं. आपल्याकडे २०१९ ला कुडनकुलमच्या प्रशासकीय नेटवर्कवरच्या एका संगणकात मालवेअर सापडलं. अणुभट्टीचं नियंत्रण वेगळ्या, तोडलेल्या नेटवर्कवर होतं म्हणून तिथे पोहोचलं नाही. भाच्याचा पेनड्राइव्ह गेटवर काढून घेतील तेव्हा त्याने रागावू नये.

आणि कुमार नारायणच्या फोटोकॉपीवरून: हल्लीच्या मोठ्या कॉपियर मशिनमध्ये हार्ड डिस्क असते, तिच्यात कॉपी केलेल्या पानांच्या प्रतिमा राहू शकतात. भाड्याची मशिनं परत जातात, शीळफाट्याच्या भंगारात पोहोचतात. डिस्क पुसली का, हे विचारणारा माझ्या पाहण्यात फार क्वचित भेटला. छोट्या कंपनीत गळती होते ती इथून.

येऊरचा_सायकलवाला
यात एक भर. व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा अ‍ॅपने २०१७ च्या नोव्हेंबरात जगभरच्या धावपटूंचा नकाशा टाकला आणि २०१८ च्या जानेवारीत लोकांच्या लक्षात आलं की वाळवंटातले लष्करी तळ त्यात उजळून दिसतात. जवान तळाच्या कुंपणालगत धावत होते ना. येऊरला हवाई दलाचं ठाणं आहे, तिथल्या फाटकापाशी सेल्फी काढणारे रविवारी डझनाने भेटतात. पाटीवर 'छायाचित्रणास मनाई' लिहिलंय, ती पाटीच फोटोत येते.

पाचपाखाडीकर
तू किती वेगाने चढलास ते सांगायला स्ट्राव्हा लावतोसच ना पण?

येऊरचा_सायकलवाला
खाजगी मोडवर. :)

कळव्याची_सून
इतका वेळ वाचत होते. आमच्या कळव्यातलंच प्रकरण कुणी काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं. २०२५ च्या मे महिन्यात ठाणे एटीएसने इथल्या एका तरुण अभियंत्याला पकडलं. खाजगी कंपनीचा माणूस, कामानिमित्त नौदल गोदीत जायचा. अगदी विशाखाताईंच्या भाच्यासारखंच. फेसबुकवर बाईच्या नावाने ओळख झाली, आणि माहिती पाकिस्तानी हस्तकांना गेली असा आरोप. फोन आत नेता येत नव्हता, म्हणून बाहेर आल्यावर आठवणीतून चित्रं काढून आणि आवाज रेकॉर्ड करून पाठवली, असं बातम्यांत होतं. खटल्याचं काय ते न्यायालय ठरवेल. पण आमच्या गल्लीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. शेजारच्या काकू म्हणाल्या, 'एवढा साधा मुलगा.' साधाच होता बहुतेक, तेच तर.

ऐरोलीचे_काका
जपण्यासारखी गोष्ट डोक्यात असते, तिला रजिस्टर नाही.

पुण्याच्या डीआरडीओतल्या मोठ्या शास्त्रज्ञालाही २०२३ मध्ये एटीएसने याच प्रकारच्या आरोपाखाली धरलं. वय, हुद्दा, अनुभव सगळं होतं. तेव्हा विशाखाताई, पोरगा कच्चा आहे म्हणून घाबरू नका आणि पक्का आहे म्हणून निर्धास्तही राहू नका.

विशाखा_वाशी
बाप रे, केवढा धागा झाला! सगळ्यांचे आभार. 'नाटक' हा शब्द निम्मा मागे घेते; उरलेला निम्मा माहितीचा_हक्क यांच्यासाठी राखून ठेवते.

बहिणीला वकीलसाहेबांचा प्रतिसाद वाचून दाखवला, ती आता घाबरते आहे पण वेगळ्या कारणाने. पोराने सही केली. आता त्याचा नवा प्रश्न: लिंक्डइनवर ही नोकरी टाकायची की नाही? पुढची नोकरी शोधताना अनुभव दाखवावा लागतो ना.

घणसोलीचा_अ‍ॅडमिन
स्वतःच्या कंपनीचं नाव आणि हुद्दा टाकायला बहुधा हरकत नसते, तरी कंपनीला लेखी विचारून घ्यायचं. ग्राहक कोण, कुठला भाग बनवतो, आत कुठल्या इमारतीत जातो, कुठलं मशीन आहे यातलं काहीही नाही. 'प्रिसिजन मशिनिंग' म्हटलं की काम भागतं, मुलाखत घेणाऱ्याला कळतं. अनोळखी 'एचआर मॅडम' चौकशी करायला लागल्या, विशेषतः पगार दुप्पट आणि प्रश्न फार बारीक असतील, तर उत्तर न देता कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला दाखवायचं. लाजायचं नाही.

नौपाड्याचा_वकील
आणि सही केलेल्या कागदाची प्रत मागून घे म्हणावं. देत नसतील तर निदान वाचून, कुठल्या तारखेला कशावर सही केली ते स्वतःच्या डायरीत लिहून ठेवावं.

माहितीचा_हक्क
प्रत गोपनीय आहे म्हणतील.

विशाखा_वाशी
म्हणाले. :( दुसऱ्यांदा विचारल्यावर दिली.

पाचपाखाडीकर
ताई, सगळं झालं, आता महापे ते अंबरनाथ संध्याकाळच्या वेळी पोरगा जाणार कसा ते सांगा. शीळफाट्याच्या ट्रॅफिकबद्दल एकही गोष्ट गोपनीय नाही.

कळव्याची_सून
ऐरोली-काटई रस्ता पूर्ण सुरू होऊ दे, मग बघू. तोवर ठाण्यामार्गे लोकलच बरी. घणसोलीहून ट्रान्स-हार्बर, ठाण्याला कर्जत किंवा बदलापूर गाडी. चढायला जागा मिळाली तर.